गजाकाकांचं पारणं

गजाकाका खुर्चीवर एकदम बसले, असं मी कधी पाहिलं नाही. आधी तिच्या पाठीवर हात ठेवायचे. मग बाजारात फणस दाबून बघावा तशी तळव्याने तिची बैठक दाबायचे आणि कानात कुजबुजल्यासारखं विचारायचे, "काय गं बाई, झेपेल ना?" खुर्ची करकरली की आमच्याकडे वळून सांगायचे, "ही नाही म्हणते," आणि शेजारच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसायचे. ट्रंकेला विचारायची त्यांना गरज वाटत नसे. आमच्या आईने त्या ट्रंकेत लग्नातला शालू ठेवला होता. गजाकाका बसले की ती डोळे मिटून घ्यायची.

हे आज आठवायचं कारण म्हणजे माझ्यासमोर ठेवलेली उकडलेल्या दुधीची वाटी. परवा जेवायला बसताना माझ्या शर्टाचं पोटावरचं बटण सुटलं आणि थेट आमटीच्या पातेल्यात गेलं. मुलीने टाळ्या पिटल्या, मुलगा डावाने बटण शोधू लागला आणि आमची ही काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. तिचं न बोलणं मला महागात पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर झाले, दुपारी दुधी आला. मी केविलवाणं तोंड करून विचारलं, "किती दिवस?"

"उतरेपर्यंत," ही म्हणाली.

मी वाटी हाताने लांब सारली. हिला वाटलं, मी दुधीला घाबरलो. तिची चूक नाही. तिने गजाकाकांना पाहिलेलं नाही.

गजानन तळवडेकर गिरगावातल्या आमच्या कुडाळकर चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे, आमच्या भिंतीला भिंत लागून. फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि इंदूकाकू. आपसात बोलताना दोघांच्या तोंडी अधूनमधून मालवणी यायची. काकू काडीसारख्या. दोघं गॅलरीतून निघाली की काकू पुढे चालायच्या, कारण मागे राहिल्या तर दिसायच्या नाहीत. गॅलरीत समोरून कोणी आलं तर गजाकाका उलट पावली आपल्या दारापर्यंत मागे जायचे, त्या माणसाला जाऊ द्यायचे आणि वर म्हणायचे, "या, या. सिंगल लाइन आहे."

लोक हसायचे. गजाकाकाही हसायचे, आणि सगळ्यांच्या आधी हसायचे. त्यांच्या हसण्यात एक घाई होती, ती मला फार उशिरा कळली. दुसऱ्याने हसण्यापूर्वी आपण हसून घेतलं की ते आपलं होतं, असं काहीसं.

आणि त्यांचं खाणं! खरं सांगायचं तर घरी ते चार माणसांसारखंच जेवायचे. पण पंगतीत त्यांना तसं जेवू कोण देणार? त्या काळी लग्नात जेवणापेक्षा आग्रहाला मान होता. वरपक्षाचा माणूस जिलब्यांचं ताट घेऊन फिरायचा, पानावर आडवा धरलेला हात बाजूला करायचा आणि जिलबी टाकायचा. वाढणाऱ्याचं मोठेपण जेवणाऱ्याच्या पानावर मोजलं जायचं. गजाकाका पंगतीत बसले की अर्धा मांडव त्यांच्याभोवती गोळा व्हायचा. "गजाभाऊ, माझ्या हातची एक!" "आता वहिनींच्या हातची!" "मुलीकडच्यांची घेतलीत, मुलाकडच्यांनी काय पाप केलं?" आणि गजाकाका "चला, बघूया तरी" म्हणत तोंड उघडायचे.

माझ्या ताईच्या लग्नात हा सोहळा संपल्यावर ते मला कार्यालयाच्या मागच्या पायरीवर दिसले. एक हात छातीवर, कपाळावर घाम, डोळे मिटलेले. मी घाबरून म्हणालो, "काका, खाता कशाला एवढं? नको म्हणायचं."

त्यांनी डोळे उघडले. "विनू, एखाद्याला कवळी बसत नाही ना, तसा माझ्या तोंडाला 'नको' बसत नाही रे." मग आतून येणाऱ्या हसण्याच्या आवाजाकडे कान देत म्हणाले, "आणि बघ, किती खूश आहेत सगळे."

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. चाळीच्या जिन्याखाली एक काळा फळा होता. पूर्वी त्यावर पाण्याच्या वेळा आणि गणपतीच्या वर्गणीची सूचना असे, आता मोर्चे आणि सभा असत. फळा लिहायचे पहिल्या मजल्यावरचे आप्पा रेडकर. अक्षर सुरेख, आवाज त्याहून मोठा. आप्पा म्हणजे आमच्या चाळीचं तोंडच. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. गोळीबारात जखमी झालेल्या मुलांना त्यांनी खांद्यावरून आणलं होतं. चाळीतले बरेच पुरुष एकदा तरी तुरुंगात जाऊन आले होते आणि तिथल्या पातळ आमटीच्या गोष्टी पदकासारख्या मिरवत होते. मीही दोन दिवस जाऊन आलो होतो. सगळा वेळ ढेकूण मारण्यात गेला, पण परत आल्यावर आईने मला ओवाळलं.

गजाकाका तेवढे राहिले होते. आंदोलनाच्या शेवटच्या वर्षी, दसऱ्यानंतरच्या एका मोर्चात त्यांनी ठरवलं की आज आपणही अटक करवून घ्यायची. स्वच्छ धोतर, टोपी, काकूंनी कुंकू लावलेलं. मी त्यांच्या शेजारीच होतो. पोलिसांची गाडी आली, माणसं घोषणा देत चढू लागली. गजाकाकांनी पायरीवर पाय ठेवला, दोन्हीकडचे दांडे धरले, गाडी त्यांच्या बाजूला कलली, आणि आतला हवालदार ओरडला, "ओ पैलवान, उतरा खाली! तुम्हाला घेतलं तर चार जण रस्त्यावर राहतील!"

सगळे हसले. पोलिस हसले, सत्याग्रही हसले, गाडीत बसलेले आमच्या चाळीचे लोकही हसले. गाडी निघून गेली. रस्त्यावर मी आणि गजाकाका. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हसत नव्हते. पहिल्यांदाच त्यांना आधी हसायला जमलं नव्हतं.

घरापर्यंत आम्ही चालत आलो. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येशील?"

डॉक्टर नेने नाक्यावर बसायचे. नुकतेच विलायतेहून आलेले, माणूस नव्या विचारांचा. त्यांच्या दवाखान्यातला काटा गजाकाकांनी पाय ठेवताच शेवटच्या आकड्यावर जाऊन थरथरू लागला आणि तिथेच अडकला. शेवटी आम्ही मागच्या गल्लीतल्या लाकडाच्या वखारीत गेलो. तिथल्या मोठ्या काट्याच्या एका पारड्यात गजाकाका मांडी घालून बसले. दुसऱ्यात वखारवाल्याने होती नव्हती ती सगळी लोखंडी वजनं चढवली. पारडं हलेना, तेव्हा वर एक बाभळीचा ओंडका ठेवला. "ओंडका ओला आहे हां," गजाकाका पारड्यातून म्हणाले, "तेवढं वजा करा."

डॉक्टरांनी जे लिहून दिलं ते ऐकून माझीच भूक मेली. सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी वाटीभर उकडलेली भाजी आणि ताक. संध्याकाळी साय काढलेलं दूध, कपभर. भात, पोळी, तेल, तूप काही नाही.

"बरं," गजाकाका नम्रपणे म्हणाले. "आणि डॉक्टर, जेवायचं केव्हा?"

डॉक्टर हसले नाहीत. "हेच जेवण. दोन महिने. दर आठवड्याला मला तोंड दाखवायचं, आणि मी थांबा म्हटलं की त्या दिवशी थांबायचं. तुमचं हृदय थकलंय, तळवडेकर, म्हणून एवढं कडक देतोय. हा उपाय सुरीसारखा आहे. हातात ठेवून हिंडायचा नसतो."

गजाकाका "हो" म्हणाले. ते सगळ्यालाच हो म्हणत.

दिवाळीपर्यंत कोणाला काही कळलं नाही. पण आमच्या चाळीत दिवाळीला फराळाची ताटं या दारातून त्या दारात जायची, आणि गजाकाकांना तर प्रत्येक घरचा लाडू हातात देऊन, ते खाताना बघायची पद्धत. पाडव्याला सकाळी आप्पा रेडकर गॅलरीत आले, मागे पाचसहा मंडळी. "गजाभाऊ, आ करा. आमच्या घरचा बेसनाचा."

गजाकाका म्हणाले, "नको."

गॅलरीत सगळं थांबलं. नळावर भांडं विसळणाऱ्या बाईचा हात थांबला. आप्पांचा लाडू हवेत राहिला. "नको? गजाभाऊ, तुम्ही म्हणालात? नको?"

आता गजाकाकांनी सरळ सांगायचं होतं की डॉक्टरांनी बंद केलंय. पण मग वखार निघाली असती, ओंडका निघाला असता आणि पुन्हा हसू. ते मान खाली घालून पुटपुटले, "सोडलंय सध्या."

"सोडलंय? कधीपर्यंत?"

"बघू. होईल सगळं मनासारखं, तोपर्यंत."

आप्पांनी लाडू सावकाश ताटात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते. खोटं नव्हतं ते, मी समोरच होतो. पोलिसांच्या गाडीतून उतरवलेला माणूस, त्याच आठवड्यापासून अन्न सोडतो, आणि कधीपर्यंत विचारलं तर मान खाली घालतो. यातून मुंबईसह महाराष्ट्र मिळेपर्यंत, याखेरीज दुसरा अर्थ त्या दिवसांत गिरगावात कोणी काढलाच नसता. आप्पांनी वाकून गजाकाकांच्या पायांना हात लावला. मागच्यांनीही लावला.

संध्याकाळी जिन्याखालच्या फळ्यावर सुरेख अक्षरात आलं: 'आमच्या चाळीचे श्री. गजाननराव तळवडेकर यांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी अन्नत्याग केला आहे. व्रत चालू आहे.'

मी आप्पांना गाठून खरं काय ते सांगितलं. डॉक्टर, दुधी, ताक, सगळं. आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "विनू, तू लहान आहेस. मोठी माणसं व्रताचा डांगोरा पिटत नाहीत रे. डॉक्टरचं नाव पुढे करतात." हे आप्पांनी आणखी चार जणांना सांगितलं आणि गजाकाकांच्या मोठेपणात आणखी भर पडली. माझ्या बोलण्याला चाळीत किती किंमत होती, तेही मला त्या निमित्ताने समजलं.

काकूंनी काकांना खाली पिटाळलं. "जावा आणि सांगा एकदाचा. देवाधर्माचा खोटा नको." गजाकाका गेले. परत आले तेव्हा गळ्यात झेंडूचा हार होता.

"सांगितलंत?"

"सांगणारच होतो गे. तेवढ्यात हार घातला."

मी फिसकन हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी हार काढून खुंटीला अडकवला आणि त्याच्याकडे, घरात शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशा बघत राहिल्या.

माणसाचं वजन उतरताना बघणं ही आधी गमतीची गोष्ट असते. गजाकाकांची हनुवटी दिसू लागली. गॅलरीत समोरून कोणी आलं तर ते आता मागे न जाता बाजूला उभे राहायचे, आणि समोरचाच नमस्कार करून अंग चोरायचा. कचेरीत साहेबाने त्यांना खुर्ची दिली. त्यांनी ती दाबून बघितली, सवयीने. शेजारच्या चाळींतून लोक त्यांना बघायला यायचे. सभेत त्यांना व्यासपीठावर बसवायचे. ते बोलायचे नाहीत, नुसते बसायचे, आणि तेवढ्याने टाळ्या पडायच्या.

एकदा गॅलरीच्या कठड्याशी ते मला म्हणाले, "विनू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणी माझ्याकडे बघितलं आणि हसलं नाही." मग म्हणाले, "त्या गाडीत घेतलं नाही रे मला. इथे घेतलं."

मी कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिलो. मला पोलिसांनी पहिल्या खेपेलाच घेतलं होतं.

दोन महिने झाले. डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "उत्तम. आता थांबा. हळूहळू वाढवायचं." गजाकाका हो म्हणाले आणि घरी आले. फळ्यावर आप्पा रोज सकाळी जुनं पुसून नवं लिहायचे, फक्त खालची ओळ पुसायचे नाहीत. 'व्रत चालू आहे.' गजाकाका तिच्यासमोर जरा वेळ उभे राहिले आणि वर आले. त्या दिवशीही त्यांनी वाटीभर दुधीच खाल्ला. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी दवाखान्याकडे जायचं सोडलं. नाक्यावरून जाताना समोरच्या फुटपाथवरून जायचे.

त्यातच व्रताच्या नियमांची चर्चा सुरू झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींनी नुसत्या कुतूहलाने विचारलं, "गजानना, व्रतात दूध चालतं रे?" गजाकाकांनी दूध सोडलं. कोणीतरी म्हणालं, ताक म्हणजे शेवटी दुधाचंच. ताक गेलं. मीठ नसलं तर अधिक चांगलं, असं आप्पांच्या वाचनात आलं होतं. मीठ गेलं. कोणी सक्ती करत नव्हतं. सगळे आपापल्या परीने त्यांच्या मोठेपणाला हातभार लावत होते. जिलबी वाढावी तसं एकेक काढून घेत होते, आणि गजाकाका "चला, बघूया तरी" म्हणत होते.

आता बघण्यात गंमत उरली नव्हती. गालांची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली. बोटातली अंगठी दोऱ्याने बांधायला लागली, मग दोरा गुंडाळूनही राहीना. ऐन चैत्रात, चाळ उकाड्याने उघडी पडली असताना, ते खांद्यावर शाल घेऊन बसायचे. कंगव्यात केस येतात म्हणून काकूंनी कंगवा लपवला. जिना चढताना दर चार पायऱ्यांवर थांबायचे, आणि लोक खाली हात जोडून उभे राहायचे. त्यांना वाटायचं, गजाननराव नामस्मरण करताहेत.

एकदा काकूंनी दुधीत चमचाभर तूप सोडलं. गजाकाकांनी वाटी नाकाशी नेली आणि परत ठेवली, हे काकूंनी मला मागाहून सांगितलं. "अगं, खालच्या मजल्यापर्यंत वास जातो तुपाचा."

"जाऊ दे! जाऊ दे वास! काय म्हणतीत लोक? जेवलो म्हणतीत!" काकू भिंतीपलीकडे मला स्पष्ट ऐकू येत होत्या. "माका समाजता, तुमका कित्याक नाय समाजणा?"

मग गजाकाकांचा आवाज आला, बारीक, पूर्वीच्या आवाजाची जणू सावली. "काय करू गे? आता नाय म्हणूक जमणा नाय माका."

दुसऱ्या दिवशी काकू आप्पांच्या दारात गेल्या. काकू सहसा कोणाच्या दारात जायच्या नाहीत. म्हणाल्या, "आप्पा, तुम्हीच सांगा त्यांना सोडायला. तुमचं ऐकतील. माणूस संपत चाललाय माझा."

आप्पा उठून उभे राहिले. "काकू, मी कोण सांगणारा? हे आता त्यांचं एकट्याचं राहिलंय का? अख्ख्या चाळीचं व्रत आहे. आणि आता राज्य तर येतंय. दिल्लीत सगळं ठरलंय. इतकं केलं, आता काठाशी येऊन सोडायचं?" आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "पारणं असं करू, की गिरगाव बघत राहील."

काकू परत आल्या त्या भिंतीला हात लावत.

आणि राज्य आलं. एक मे रोजी आमच्या चाळीने केलं नाही असं काही ठेवलं नाही. दारोदार गुढ्या, आंब्याची तोरणं, जिन्याच्या कठड्याला भगवी पताका, आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. ते खरं होतं. मी आयुष्यात इतक्या माणसांना एकाच वेळी सुखी झालेलं पुन्हा पाहिलं नाही. म्हणूनच पुढचं सांगताना जीभ जड होते. वाईट माणसांची गोष्ट सांगणं त्या मानाने सोपं असतं.

आदल्या दिवशी डॉक्टर नेने स्वतः दोन जिने चढून आले होते. मीच बोलावून आणलं होतं. त्यांनी गजाकाकांना तपासलं आणि बाहेर गॅलरीत येऊन काकूंना, मला आणि आप्पांना सांगितलं, "नीट ऐका. हे शरीर इतके महिने रिकामं आहे. एकदम भरलंत तर हृदय झेपवणार नाही. आठवडाभर फक्त पेज. पातळ, आणि चमच्याने. बाकी कणही नाही."

"अर्थात, डॉक्टर," आप्पा म्हणाले. "आम्ही तर फक्त घरटी एकेक घास देणार आहोत. मानाचा."

डॉक्टरांनी ते नुसतं ओठाला लावणं समजून मान हलवली आणि ते खाली उतरू लागले. चाळीत बिऱ्हाडं किती होती, ते त्यांना माहीत नव्हतं. मी जिन्यात गाठून सांगितलं, तेव्हा ते तसेच परत वर चढले आणि आप्पांना चांगलं सुनावलं. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

दुपारी चाळीच्या चौकात पाट मांडले. मधोमध गजाकाकांसाठी खुर्ची, कारण खाली बसलं तर त्यांना उठता आलं नसतं. समोर चौरंगावर केळीचं पान, त्यावर श्रीखंड, पुऱ्या आणि जिलब्यांचा डोंगर. काकूंनी सकाळीच पेज करून ठेवली होती. ती वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. "विनू, तू उंच आहेस. पुढे राहा. आधी ही द्यायची."

गजाकाका चौघांच्या आधाराने आले. खुर्चीपाशी थांबले. पाठीवर हात ठेवला, मग तळवा बैठकीवर टेकवून दाबला. "काय गं बाई," ते पुटपुटले, "झेपेल ना?" त्या अंगाखाली आता वेताची टोपलीसुद्धा मोडली नसती. कोणी हसलं नाही. दोनचार बायकांनी डोळ्यांना पदर लावला.

आप्पा बोलले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, कारण बोलताना ते रडत होते. मग त्यांनी जिलबीचा तुकडा उचलला. "गजाभाऊ, माझ्या हातचा एक."

मी वाटी वर धरून ओरडलो, "आधी पेज! डॉक्टरांनी सांगितलंय!" पण माझ्या पुढे अख्खी चाळ होती, आणि प्रत्येकाच्या हातात एक घास होता. "अरे थांब रे, पेज काय पळून जाते?" कोणीतरी म्हणालं. पेज माझ्या मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत आली. पलीकडे काकू गर्दीला हाताने ढकलत होत्या, आणि लोक त्यांना वाट देण्याऐवजी नमस्कार करत होते.

माणसांच्या फटीतून मला गजाकाकांचा चेहरा दिसला. ते काकूंना शोधत होते. काकू दिसल्या तेव्हा त्यांचे ओठ हलले. मग समोर हात आला, "माझ्या हातचा एक, गजाननराव," आणि त्यांनी तोंड उघडलं. "आता आमच्या हातचा!" "पहिल्या मजल्याचा झाला, तिसऱ्याने काय पाप केलं?" तोच सूर, तीच वाक्यं. घास जात राहिले. हळूहळू गजाकाका हसू लागले. घाईघाईने, सगळ्यांच्या आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या पायांना सूज होती. बोटाने दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. त्या दिवसापासून त्यांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसायचे, छातीवर हात, कपाळावर घाम, ताईच्या लग्नात मागच्या पायरीवर बसले होते अगदी तसे. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ यायचे, सुया द्यायचे. आप्पांशी एक शब्द बोलायचे नाहीत. शेवटच्या दिवशी काकूंनी चमचाभर पेज त्यांच्या ओठांशी नेली. गजाकाकांनी डोळे उघडून पेजेकडे पाहिलं आणि स्पष्ट म्हणाले, "नको."

दिवाळीच्या पाडव्यानंतर त्यांच्या तोंडून तो शब्द मी दुसऱ्यांदा ऐकला. राज्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता.

पूर्वी ते म्हणायचे, "मला उचलायला आठ जण लागतील. आत्तापासून व्यायाम करा रे." आमच्या चाळीतल्या चार दणकट मुलांनी तिरडीला खांदा दिला. लहानपणापासून पाहिलेले गजाकाका त्यांच्या मनात होते. पाय रोवून, दात आवळून त्यांनी जोर लावला, आणि तिरडी हातातून सुटल्यासारखी एकदम वर उडाली. मुलं लडखडली. एकाने घाबरून माझ्याकडे बघितलं, तिच्यावर कोणी आहे की नाही असं.

दहाव्याला बाणगंगेवर पिंडाशेजारी त्यांच्या आवडीचं पान ठेवायचं होतं. आप्पा सकाळीच जिलबीचा पुडा घेऊन आले होते. दहा दिवसांत माणूस वाकला होता. फळ्यावर त्यांनी अक्षर काढलं नव्हतं, तरी ती जुनी ओळ कोणीच पुसली नव्हती. त्यांनी पुडा काकूंपुढे धरला.

काकूंनी तो बाजूला ठेवला, रागाने नव्हे. घरून झाकून आणलेली वाटी त्यांनी पिशवीतून काढली आणि केळीच्या पानावर मधोमध ठेवली. आत पातळ पांढरी पेज होती, वर मिठाचे दोन खडे.

"एवढीच राहिली होती त्यांची," काकू म्हणाल्या, आणि आम्हा सगळ्यांना हाताने मागे सरकवलं. "जरा लांब उभे राहा. त्यांना सावकाश घेऊ दे."